पाचवं उद्दिष्ट

आमच्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या सरांकडे कोणीही कसलंही काम घेऊन गेलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "उद्दिष्ट काय?" मुलगा लघवीला जायची परवानगी मागायला उठला तरी उद्दिष्ट, हेडमास्तरांनी स्नेहसंमेलनाची तारीख काढली तरी उद्दिष्ट. एकदा मोताळ्याच्या आठवडी बाजारात त्यांनी एका भाजीवाल्या बाईला विचारलं, "हे वांगे फडक्यानं झाकून ठेवन्यामागचं उद्दिष्ट काय?" बाई म्हणाली, "सडके हायेत, हेच उद्दिष्ट." सर तिच्यावर इतके खूश झाले की त्यांनी ती सडकी वांगी विकत घेतली. खरं बोलणाऱ्याला उत्तेजन दिलं पाहिजे म्हणाले. घरी सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्या वांग्यांचं काय केलं ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी सरांच्या डब्यात नुसती चटणी-भाकर होती.

मी त्या शाळेत गणित शिकवायला लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि सर पन्नाशीला टेकले होते. ते मला नावानं हाक मारत नसत, 'गणितवाले' म्हणत. लोकसभेला मतदान ज्या पद्धतीनं होतं ती पद्धत बदलली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी ते खिशात एक कापडी पिशवी बाळगत. त्या पिशवीत तूर, मूग आणि सरकी असे मोजून शंभर दाणे असत. पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं सर पिशवी सोडत.

"हे शंभर दाने. चाळीस तुरीचे, पस्तीस मुगाचे, पंचवीस सरकीचे. इलेक्शन झालं. कोन आलं निवडून?"

"तूर," कोणीतरी म्हणे.

"मंग बाकीचे साठ दाने कुठी गेले?"

"हरले."

"हरले म्हंजे मेले काय बे? त्यायले रस्ता नाही लागत? पानी नाही लागत? पाच वर्सं त्यायनं तोंड शिवून बसावं काय?"

एकदा एक शेतकरी म्हणाला, "सर, सरकी तं ढोरायले चालते," आणि सगळा पार हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "तू आज तूर हायेस म्हनून हासून राह्यला. पुढच्या खेपेले सरकी होशीन, तवा येजो माह्याकडे."

सुधारणेची त्यांची चार उद्दिष्टं होती आणि ती शाळेतल्या चौथीच्या पोरालाही पाठ झाली होती. कोणाचंही मत वाया जाऊ नये. जेवढी मतं तेवढ्या जागा मिळाव्यात. माणसाला आपली दुसरी पसंतीही सांगता यावी. आणि हरलेल्यांचाही कोणीतरी सभागृहात असावा, जो उभा राहून 'नाही' म्हणू शकेल. चौथ्यावर त्यांचा फार जीव. ते सांगताना सर खडू खाली ठेवत. पद्धत कोणती आणायची ते मग पाहू, आधी उद्दिष्टावर एकमत करा, असं त्यांचं म्हणणं. ही चार उद्दिष्टं पोस्टकार्डावर लिहून ते एकेका खासदाराला पाठवत. वर्षानुवर्षं पाठवत होते. एकदाच 'आपले पत्र मिळाले' असा छापील कागद उलट आला. तो त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून बैठकीत लावला, देवांच्या तसबिरींच्या ओळीत.

त्यांना या वेडाची लागण झाली ती आम्हा शिक्षकांच्याच निवडणुकीतून. शिक्षकांना विधान परिषदेवर आपला एक आमदार पाठवता येतो. तिथं शिक्का मारायचा नसतो, उमेदवारांपुढच्या घरात पसंतीचे आकडे टाकायचे असतात, एक, दोन, तीन. पहिल्या मोजणीत कोणालाच पुरेशी मतं पडली नाहीत, तर सगळ्यांत मागे राहिलेल्याला बाजूला काढतात आणि त्याची मतं ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. सरांना ही पद्धत म्हणजे कमाल वाटे. त्या दिवशी ते परीटघडीचे कपडे घालून मतदानाला जात. मोजणीच्या दिवशी कोणत्यातरी उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून आत शिरत. उमेदवार कोण याच्याशी त्यांना घेणं नसे, त्यांना बाद मतपत्रिका पाहायच्या असत. परत आले की शिक्षकांच्या खोलीत त्यांची आख्यानं रंगत. कोणी आकड्याऐवजी बरोबरची खूण केलेली, कोणी सगळ्यांना एक नंबर दिलेला. एका गुरुजींनी तर 'आमच्या शाळेच्या मान्यतेचं बघा' असं लिहून खाली सही ठोकली होती.

"शिकलेल्या मानसाचं मत बाद होते, गणितवाले!" सर मांडीवर थाप मारून सांगत. "नियम सोपा हाये. मत कोनाचं हे वळखू येईन असं कागदावर काहीच नाही पाह्यजे. वळखू आलं की बाद. मंग थो कलेक्टर का असेना."

मीही हसत असे. मला तेव्हा तो नियम गमतीचा वाटायचा.

सरांनी ही पद्धत घरातही लागू केली होती. खाऱ्या बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्याला छिन्नीनं फट पाडून त्यांनी मतपेटी केली होती. संध्याकाळी भाजी कोणती, भिंतींना रंग कोणता, आखाजीच्या सणाला कोणाकडे जायचं, सगळं त्या डब्यातून ठरे. सर स्वतः पट्टीनं रेघा मारून मतपत्रिका तयार करत. काकूंना लिहितावाचता बेताचं येई, पण आकडे येत. त्या मला म्हणाल्या होत्या, "मी आपली तिन्ही घरं भरून टाकतो भाऊ. यायले रिकामं घर आवडत नाही. दुसरी पसंती सांग, तिसरी सांग. मले तं पहिलीच भेटत नाही." तरी त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, थोडं कौतुकच होतं. गावात इतर कोणत्या बाईला तिचा नवरा भाजी तरी विचारत होता?

सरांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा लग्न होऊन अकोल्याला नोकरीला होता. मुलगी धाकटी. आठवी ते दहावी ती माझ्या वर्गात होती. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्यापेक्षा डोक्यानं तल्लख अशी दोनच मुलं मला भेटली, त्यातली ती एक. उदाहरण फळ्यावर लिहून होईपर्यंत तिच्याकडे उत्तर असायचं. पायऱ्या लिही म्हटलं की वैतागायची. अक्षर मुंगीएवढं, एका पानात तीन पानांचा मजकूर. पुढं बी.एस्सी.ला रोज एस.टी.नं बुलडाण्याला जायची आणि येताना कधीकधी शाळेपाशी उतरून मला अडलेलं विचारायची. खरं म्हणजे मीच तिच्याकडून शिकत होतो, पण ती मला 'सर' म्हणायची, त्यामुळे ते चालून जाई.

ती दुसऱ्या वर्षाला असताना तिच्यासाठी तीन स्थळं एकदमच आली. एक खामगावचा शिक्षक, एक मेहकरचा बँकेतला, एक लोणारचा, बी-बियाणं आणि खतांचं दुकान असलेला. इतर बापांनी पत्रिका जुळवल्या असत्या. सरांनी मतपत्रिका आखली.

मतदानाच्या दोन दिवस आधी ती शाळेत आली. वर्ग सुटले होते. म्हणाली, "सर, तुमी बाबांशी बोला ना. मले पुढं अमरावतीले जाचं हाये. मले शिकू द्या म्हना त्यायले. तुमचं ऐकतात थे."

मी म्हणालो, "बोलतो."

मी बोललो नाही. याचं कारण मी स्वतःला पुष्कळ प्रकारांनी सांगून पाहिलं आहे. मी वयानं लहान होतो, सर ज्येष्ठ होते, घरची बाब होती. पण खरं कारण या सगळ्यांहून हलकं आहे. मला त्या मतदानाची गंमत वाटत होती. सरांनी मला मोजणी अधिकारी नेमलं होतं आणि बायकोला मी आदल्या दिवशीच हसत सांगितलं होतं की उद्या मी एका नवरदेवाची निवडणूक घ्यायला जातो आहे.

रविवारची दुपार होती. सहा मतदार होते. सर, काकू, मुलगा, सून, रोहिणखेडहून आलेले सरांचे थोरले भाऊ आणि ती. डबा बैठकीत स्टुलावर ठेवला होता, त्याच्या झाकणाला लाखेचं सील. एकेकानं आत जाऊन आकडे टाकायचे आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. मतदान सुरू होण्याआधी सरांनी छोटंसं भाषण केलं. "आपल्या तालुक्यात कोन्या बापानं पोरीले सवताच्या लग्नात मताचा हक्क देला, सांगा मले! बाकीच्या घरी पोरीले पान्याचा गिलास घेऊन बलावतात, अन् झालं." ते खरंच होतं. त्या वेळी मलाही ते मोठं वाटलं.

मी सील फोडलं आणि चिठ्ठ्या उघडल्या. पहिल्या पाच व्यवस्थित होत्या. सहावी उघडली तर तिन्ही घरं रिकामी. खाली, समासात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मले शिकू द्या.'

मी ती सरांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्मा सारखा करून वाचली. काहीही वाचावं तशी वाचली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "गणितवाले, नियम काय म्हंते?"

थोरले भाऊ म्हणाले, "अरे, पोरगी काय म्हंते थे तं सांग!"

"पोरीचं नाव कायले घेता?" सर म्हणाले. "मतपत्रिका गुप्त असते. मी नियम इचारून राह्यलो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती, तीही पाहत होती. मी तेव्हा नियम काहीही म्हणो, असं म्हणू शकलो असतो. हे मतदान कसलं, असं म्हणू शकलो असतो. दोन दिवसांपूर्वी तिला दिलेला शब्द तरी आठवू शकलो असतो. मी म्हणालो, "बाद."

सरांनी त्या चिठ्ठीच्या पाठीमागं लाल पेननं 'बाद' असं लिहिलं आणि पुढं कारणही लिहिलं, 'मतदाराची ओळख पटते.'

वैध मतं पाच. लोणार दोन, खामगाव दोन, मेहकर एक. मेहकर बाजूला काढलं. त्या एका चिठ्ठीवरची दुसरी पसंती लोणारला होती. लोणार तीन, निवडून आलं. मी निकालपत्रकावर सही केली. माझ्या सहीखाली सरांनी त्यांची केली.

ती दारातूनच म्हणाली, "सर, वैध मतं किती?"

"पाच."

तिनं मान हलवली आणि आत गेली. थोड्या वेळानं सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. रडली वगैरे नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं मला पुढं फार वाटलं. रडण्याला काही नियम लागू नव्हता.

लग्न रीतसर झालं. दोन वर्षांनी मी शाळेची सहल घेऊन लोणारला गेलो होतो. सरोवर पाहून पोरं दमली होती, म्हणून तिच्या घरी घेऊन गेलो. तिनं चाळीस पोरांना पाणी पाजलं, चुरमुऱ्यांचे लाडू दिले. मी विचारलं, "वाचतेस की नाही काही? अमरावतीला बाहेरून परीक्षा देता येते, माहिती काढू का?" म्हणाली, "काहीबी चालते सर." चहा घेशील का असं मी उलट तिलाच विचारलं, तेव्हाही तेच. पोरांनी तिला एक कोडं घातलं, वजाबाकीचं, सोपं. ती म्हणाली, "तुमीच सांगा." तिला उत्तर येत होतं हे मला दिसत होतं.

माहेरी आली की सर डबा काढत. भाजी कोणती. तिची चिठ्ठी दर वेळी कोरी निघे. पहिल्या एकदोन वेळा सर गमतीनं म्हणाले, "कोरी एक!" मग नुसतं "कोरी एक" म्हणायला लागले. मग काहीच म्हणेनासे झाले, चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे.

नऊ वर्षं झाली, मूल झालं नाही. तिच्या नवऱ्यानं एक दिवस दुसरी बाई घरात आणली. आधी पाहुणी म्हणून, मग बायको म्हणून. त्या बाईला दिवस गेल्यावर ही एक पत्र्याची पेटी घेऊन एस.टी.नं गावी परत आली.

चौथ्या दिवशी सरांचं मला बोलावणं आलं. गेलो तर स्टुलावर डबा. समोर आखलेल्या चिठ्ठ्या. विषय होता, कोर्टात जायचं की चार माणसं घालून समजूत काढायची. ती भिंतीला टेकून बसली होती. सर म्हणाले, "या बारीले तिसरं घर ठेवलं हाये. 'दुसरं काही' असं. खाली लिहाले जागा सोडली. लिहिलं तरी बाद होनार नाही."

ती म्हणाली, "बाबा, मले काहीबी चालते."

काकू आतून आल्या. त्यांनी डबा उचलला, अंगणात नेऊन पाट्यावर ठेवला आणि मुसळानं ठेचायला सुरुवात केली. पत्र्याचा आवाज गल्लीभर जात होता. आम्ही दोघं पुरुष दारात उभे होतो. सर "अवं, अवं" एवढंच म्हणत होते.

"माहं दुसरं मत पडलं थिकडं," काकू ठेचता ठेचता बोलत होत्या. "माह्या मनात मेहकरवाला व्हता. लोनार मले ठावंही नाही कोठी हाये थे. तुमी म्हनले, तिन्ही घरं भर. मी भरले. माह्या लेकीनं जे मनात व्हतं थे लिवलं तं थे बाद. अन् मी मनात नसलेलं लिवलं, त्यानं तिचं लगन लागलं!"

डब्याचा पार चेंदामेंदा झाला तरी त्या थांबल्या नाहीत. शेवटी मुलीनंच जाऊन त्यांच्या हातातलं मुसळ घेतलं.

घरातलं मतदान त्या दिवसापासून बंद झालं. मला वाटलं होतं, सर आता पोस्टकार्डंही बंद करतील. केली नाहीत. महिनाभरानं त्यांनी मला एक कार्ड पेटीत टाकायला दिलं, तर त्यावर चाराऐवजी पाच उद्दिष्टं होती. पाचवं असं होतं: 'बाद ठरवलेली प्रत्येक मतपत्रिका, ती बाद का ठरवली त्या कारणासह, सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावी. त्यानंतरच बाजूला ठेवावी.'

बाजारात ते पाचवं सांगायला लागले तेव्हा लोक हसले. "सर, बाद तं बाद. वाचून काय लोनचं घालाचं?" आधी अशा प्रश्नांना सरांकडे तयार उत्तर असे. आता ते दाणे गोळा करून पिशवी बांधत आणि उठत. चार उद्दिष्टांपर्यंत त्यांना समजून घेणारे एकदोघे होते, पाचव्यानंतर सरांना चळ लागला असं गावानं ठरवून टाकलं. पाचवं कुठून आलं हे त्या घराबाहेर मला एकट्याला माहीत होतं. मी कधी काही बोललो नाही. सरही बोलले नाहीत. वीस वर्षं आम्ही रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत बरोबर फिरायला जात होतो आणि बोलत होतो ते बदलत्या अभ्यासक्रमाबद्दल.

मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं, तेव्हा मी त्यांना पेपर नेऊन दाखवला. खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी बातमी दोनदा वाचली. "तवा माह्या मतपत्रिकेवर नव्हतं हे," म्हणाले आणि पेपर घडी करून मला परत दिला. त्या दिवशी ते फिरायला आले नाहीत.

काकू गेल्या. मग घरात बाप आणि लेक दोघंच उरले. ती सरांचं सगळं करायची, वेळेवर, नीट, न बोलता. गावातल्या पोरींना गणित शिकव असं मी कितीदा तरी म्हटलं. "काहीबी चालते" म्हणायची आणि शिकवायची नाही. गावात कोणतीही निवडणूक असो, ती मतदानाला जात नसे. घरी बोलवायला येणारे कार्यकर्ते कंटाळून परत जात.

गेल्या लोकसभेच्या वेळी सर पंच्याऐंशीच्या पुढं गेले होते. काचबिंदूनं दृष्टी गेली होती, हात कापत होते. इतक्या वयाच्या माणसांचं मत आता घरी येऊन कागदावर घेतात. सकाळी अकराच्या सुमारास दोन अधिकारी, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे लोक त्यांच्या घरी आले. मतदाराला दिसत नसेल तर त्याच्या वतीनं खूण करायला एक सोबती चालतो. अधिकारी तिला म्हणाले, "ताई, तुम्हीच या. वडील सांगतील तिथं खूण करायची, बाकी काही नाही."

ती म्हणाली, "मले नाही जमत. माही बाद होते."

अधिकारी हसले. "अहो, बाद कशी होईल? सोपं आहे."

ती तिथून उठून आत गेली. सर खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "गणितवाल्याले बलावा."

माझं घर तीन घरं सोडून. मी आलो. मत कोणाला दिलं ते कोणालाही सांगणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर मी सही केली. ती प्रतिज्ञा मी आता मोडतो आहे. हे लिहिण्याचं उद्दिष्ट सरांनी विचारलं असतं, तर तेच सांगितलं असतं.

पुठ्ठ्याचा आडोसा खाटेवर उभा केला. सगळे लांब उभे राहिले. मी सरांच्या कानाशी वाकून उमेदवारांची नावं वाचली आणि विचारलं, "कोणाला?"

"कोनाच्याच घरात खून करू नको," ते पुटपुटले. "खाली जागा हाये?"

"आहे थोडी."

"लिही. मले शिकू द्या."

मी म्हणालो, "सर, बाद होईल हे."

"नियम मीच तुले शिकवला. लिही." मग म्हणाले, "अक्षर बारीक काढजो. तिचं बारीक व्हतं."

मी लिहिलं. माझं अक्षर तेवढं बारीक आलं नाही.

"वाच."

मी कानात वाचलं.

"मोठ्यानं नाही वाचता येत काय?"

"नाही सर. गुप्त असतं."

"हाव," ते म्हणाले. "गुप्त असते."

कागद लिफाफ्यात गेला, लिफाफा मोठ्या लिफाफ्यात गेला. अधिकाऱ्यांनी सरांना नमस्कार केला, या वयात तुम्ही कर्तव्य बजावलंत म्हणाले. चित्रीकरण करणाऱ्यानं सरांचा शाई लावलेल्या बोटासह फोटो काढला. सरांनी बोट वर धरलं, पण ते स्थिर राहत नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात धरला.

मतमोजणीच्या आधीच ते गेले. मोजणी झाली, निकाल लागला, फटाके वाजले. बाद झालेल्या टपाली मतांचा एक आकडा असतो, तो कोणी पाहत नाही. मी पाहिला. त्यातलं एक आमचं होतं आणि ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. ती ओसरीवर बसली होती. सरांच्या पिशवीतले दाणे तिनं सुपात ओतले होते आणि तूर, मूग, सरकी वेगवेगळी निवडत होती. मी समोर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. आडोशामागं काय झालं, सर काय म्हणाले, अक्षर बारीक काढ म्हणाले तेही.

तिनं खाली मान घालूनच ऐकलं. मग म्हणाली, "बाद झालं असन."

"हो."

"कोनी वाचलं?"

"नाही."

ती पुन्हा दाणे निवडायला लागली.

"तवाच्या निकालाच्या कागदावर सही तुमचीच व्हती ना सर?"

"हो."

"अन् आता या वक्ती?"

"तीही माझीच, प्रतिज्ञापत्रावरची."

तिचा हात सुपातच थांबला. वर पाहून ती म्हणाली, "सर, तुमी बाबांशी बोलतो म्हनले व्हते. काऊन नाही बोलले?"

तिनं कोणाला 'काऊन' असं विचारलेलं मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिच्या बापाला तिनं हे विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही. मी तोंड उघडलं, पण 'गंमत वाटत होती म्हणून' हे मला त्या ओसरीवर म्हणता आलं नाही. आतापर्यंत कोणालाच म्हणता आलं नव्हतं. ती माझ्याकडे पाहत राहिली, शाळेत मी तिला पायऱ्या लिही म्हणून वाट पाहायचो तशी, आणि अंधार पडायला लागला तरी तिनं उठून दिवा लावला नाही.